गुळाच्या काईलीला शीड

आपल्या सातारा-सांगलीला समुद्र नाही, याचा मला आठवीत असताना भयंकर राग यायचा. ऊस आहे, द्राक्षं आहेत, घरटी एक फौजी आहे, एकदा बोलायला लागला की न थांबणारा एक तरी चुलता आहे. पण समुद्र नाही. भूगोलाच्या पुस्तकात मोसमी वाऱ्यांच्या धड्यात एका गलबताचं चित्र होतं. त्याची तिन्ही शिडं अशी पोटं फुगवून उभी होती, की लग्नाच्या पंगतीतून उठलेली व्याहीमंडळीच. ते चित्र मी इतक्यांदा बघितलं होतं की पुस्तक हातात घेतलं की आपसूक त्याच पानावर उघडायचं. एक दिवस मला राहवेना. मी वर्गात उभी राहिले आणि विचारलं, "बाई, आपल्या नदीत शिडाची होडी का नसती?" बाईंनी खडू खाली ठेवला. "मालन," त्या म्हणाल्या, "शिडं कोकणातल्या लोकांनी लावायची. आपण ऊस लावायचा." वर्ग हसला. ते हसू ओसरायच्या आत मागच्या बाकावरून एक आवाज आला, "पर बाई, वारं तर आमच्याकडंबी लय हाय की."

तो आवाज मायाचा. पूर्ण नाव मायाक्का. जतच्याही पलीकडच्या माळावरची पोर. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, आणि अलीकडे थोडी ज्वारी. गावातली शाळा सातवीला संपली म्हणून मामानं तिला आपल्याकडे आणलं होतं. मामा तासगावच्या रस्त्यावर एका बेदाण्याच्या शेडची राखण करायचा, आणि तिथून ती त्याच्या पुरुषी सायकलवर, दांडीखालून पाय घालून, आमच्या गावच्या शाळेत यायची. त्या दिवसापर्यंत ती वर्गात कुणाशी बोललेली नव्हती. मधल्या सुट्टीत ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुझ्याकडं पानी हाय?"

"घरामागं नदी हाय."

"माझ्याकडं वारं हाय," ती म्हणाली. दप्तरातच घालून आणल्यासारखी.

मग तिनं मला सांगितलं की त्यांच्या माळावर संध्याकाळी वारं सुटलं की ती घोंगड्याची दोन टोकं दोन हातांत धरायची, उरलेली दोन कमरेला बांधायची, आणि उताराला तोंड करून उभी राहायची. घोंगडं फुगलं की पळावं लागत नाही, पाय नुसते जमिनीला लावायचे. "बा म्हनायचा, एक दिस जाशील उडून, आन् मेंढरं मलाच राखाय लागतील." मी तिला गलबताचं पान दाखवलं. ती पानावर वाकली. मग तिनं बोट ठेवलं ते होडीवर नाही, शिडाच्या पोटावर. "हितं," ती म्हणाली, "हितं धरतंय बघ त्ये." माझ्या आयुष्यात तोवर कुणी माझ्या वेडाकडे एवढ्या गांभीर्यानं बघितलं नव्हतं. मी तिला त्याच दिवशी घरी जेवायला नेलं.

आमचं घर म्हणजे एक गुऱ्हाळच होतं, खरंखुरं आणि तसंही. वडील फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीला यायचे, तेव्हा आम्ही पोरं त्यांना पाहुण्यासारखं बघायचो. घर चालायचं तात्यांच्या हुकमावर. तात्या वडिलांचे थोरले भाऊ, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, आणि परत आले ते बुटांसकट आले. पहाटे उठून ते अंगणात खाकरायचे तो आमचा भोंगा. हंगामात घरामागच्या गुऱ्हाळाचं इंजिन धडधडायला लागलं की भांडी फळीवर थरथरायची, आणि उकळत्या रसाचा वास केसांत, वाकळांत, वह्यांत शिरून बसायचा. मी गणिताचा पेपर दिला तरी त्याला काकवीचा वास यायचा, मार्क मात्र त्या मानानं गोड नसायचे.

आई चुलीपाशी. ती बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा वर उचलायची आणि आत काकवी ओतायची, आणि ती काकवी भाकरीच्या पोटात फिरून कडेनं बाहेर येऊ लागली की समोर सरकवायची. आमच्याकडे पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा खायचं, अशी रीत. मायाला आईनं विचारलं, "आनि वाढू?" माया म्हणाली, "व्हय." आई थबकली, आणि मग अशी हसली की मला ते हसू नवीनच वाटलं. तिथून पुढे माया शाळेच्या दिवशी आमच्यात जेवायची, आणि कधी डब्यात हुलग्याचं माडगं आणायची, ते आई उभ्या उभ्या पिऊन टाकायची. दोन वर्षं असं चाललं. आईनं तिच्यासाठी वेगळा पाट ठेवला नाही; ती चुलीच्या उजव्या अंगाला, माझ्या जागेवर बसायची आणि मी सरकायचे.

आता काईल काय ते सांगते, कारण माझी मुलगी पुण्यात वाढलेली, तिला हे सांगितलं तर ती म्हणते, "आई, तू काहीही रचतेस." गुऱ्हाळात उसाचा रस ज्यात आटवतात ती लोखंडी कढई म्हणजे काहील, आम्ही काईल म्हणतो. कढई म्हणजे घरातली नव्हे. उथळ, गोल, आणि एवढी रुंद की आख्खी भजनी मंडळी टाळ-मृदंगासकट तीत बसावी. हंगाम संपला की गुऱ्हाळ बंद, आणि मग ती नदीत. आमच्या भागात पलीकडच्या काठावरच्या रानातून वैरण आणायला, पुरात माणसं काढायला, काईलच लागते. तीत बसून वल्हं मारत लोक नदी ओलांडतात, यात आम्हाला कधी काही नवल वाटलं नाही. नवल एवढंच, की तिला शीड लावावं असं कुणाला सुचलं नव्हतं. ते आम्हाला सुचलं.

आमच्या दहावीच्या वर्षी पावसानं दडी मारली. आषाढ कोरडा, पण वारं मात्र रात्रंदिवस घोंघावत होतं आणि नदीचं पाणी निवळ, संथ. माया म्हणाली, "आत्ता न्हाई तर कवा?" एका रविवारी तात्या इंजिनाच्या कामासाठी सांगलीला गेले. काईलीच्या काठाला उचलायच्या कड्या असतात. त्यांना दोऱ्या ताणून आम्ही मधोमध वेळू उभा केला. शिडाचं कापड मायानं आणलं, मामाच्या शेडमधलं. हिरवंगार, नवंकोरं, भरपूर. दोघींनी ते वेळूला बांधलं, काईल पाण्यात ढकलली आणि गलबताच्या कप्तानासारख्या उभ्या राहिलो.

ते कापड म्हणजे शेडनेट. बेदाण्याच्या शेडला भोवतीनं लावतात ती हिरवी जाळी. ती कशासाठी लावतात? वारं आरपार जावं आणि द्राक्षं सुकावीत म्हणून. त्या जाळीचा जन्मच वाऱ्याला वाट द्यायला झालेला. आणि तिनं वारं अडवावं म्हणून आम्ही दोघी नदीच्या मध्यावर देवाचा धावा करत होतो. माया तर दोन वर्षं त्याच शेडमध्ये झोपत होती! वारं जाळीतून शिट्टी वाजवत निघून गेलं, जाता जाता काईलीला एक टिचकी मारून गेलं, आणि काईल जात्यासारखी फिरायला लागली. गोल वस्तू ती, तिला पुढं नाही, मागं नाही. फिरत फिरत आम्ही खाली निघालो. घाट आला, घाट गेला. धुणं धुणाऱ्या बायका आल्या, गेल्या, परत आल्या. शेवटी गावच्या पाणी-योजनेच्या पाइपांना काईल अडकली आणि तालमीतल्या पोरांनी दोर टाकून आम्हाला ओढून काढलं.

"काय गं मालन, गूळ कुठवर आला?"

"चिक्की व्हईस्तोवर हलवा रं तिला!"

हे वाक्य मला लग्नापर्यंत ऐकावं लागलं. लग्नातही एकानं ऐकवलंच.

संध्याकाळी तात्या परतले तेव्हा गावानं त्यांना एसटी स्टँडवरच सगळं सांगून टाकलं होतं. आमच्या घरात एक रीत होती, ती इथं सांगायला हवी. थोरल्या दिराशी आई थेट बोलायची नाही. ती दाराआड उभी राहायची, डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि मला सांगायची, मी तात्यांना सांगायचं. तात्या मला सांगायचे, मी आईला. दोघांत हातभर अंतर, पण बोलणं माझ्यातून. घरात टेलिफोन येण्याआधी मीच टेलिफोन होते.

त्या दिवशी तात्या सोप्यात उभे, आई दाराआड, मी उंबऱ्यावर आणि माया अंगणात सायकल धरून.

"मालन, तुझ्या आईला सांग," तात्या म्हणाले, "काईल म्हंजी घरची लक्ष्मी. तिच्यात पोरींनी नाच केला, गावानं बघितला. आपली पोरगी साधी. हे मेंढरामागचं वारं तिच्या डोक्यात भरवलं कुनी ते मला कळतंय."

"मालन, तात्यांस्नी सांग," आई आतून म्हणाली, "पोरगी दोन वर्सं आपल्यात जेवतीया. काय बी वाईट न्हाई तिच्यात."

"तुझ्या आईला सांग, आजपासनं न्हाई जेवनार. ह्या उंबऱ्याच्या आत ती मला दिसता कामा नये."

मी थांबले. आई पुढे काहीतरी सांगेल म्हणून दाराकडे बघत राहिले. दाराआडून बांगड्यांचा आवाज आला, बोलणं आलं नाही. मायानं सायकल वळवली आणि गेली. परवा मी तिला फोन केला, म्हटलं, अगं, तुझ्यावर लिहितेय. ती आता तिकडं जतच्या बाजूला डाळिंबाची बाग सांभाळते आणि फोनवर अजून माळावरून हाक मारल्यासारखी बोलते. म्हणाली, "लिही की, लय लिही. पर मी रडले आसं लिहू नगंस. मी रडले न्हवते." लिहिलं, बाई. ती रडली नव्हती. रडले मी, आणि तेही रागानं.

पुढचे काही दिवस मी घरात जेवले, पण चुलीच्या उजव्या अंगाला बसले नाही. ती जागा रिकामी ठेवून मी लांब बसायचे. आई ती रिकामी जागा बघायची आणि भाकरी थापायची. मला नदीबिदी काही जिंकायची नव्हती. मला माया आमच्या चुलीपाशी परत हवी होती, आणि परड्यातून चोरून नाही, पुढच्या दारानं. शाळेत मी तिला म्हटलं, "आपण सगळ्या गावादेखत काईल वर नेऊन दाखवू. मग तात्यांचं तोंड बंद होईल. तू घरात येशील."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच वरमले. "मालन, मला कुनाच्या उंबऱ्यात भीक मागून यायचं न्हाई. शीड लावायचं तर शिडासाठी लावू. तुझा तात्या गेला उडत."

"बरं, शिडासाठी."

"मग ऐक. जाळीची चूक माझी. गिरक्यांची चूक काईलीची. वावडीला शेपूट नसलं तर ती काय करती?"

वावडी म्हणजे आमच्याकडचा मोठा पतंग. बिनशेपटीची वावडी वर जात नाही, जागच्या जागी गिरक्या खाते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मायाचं म्हणणं साधं होतं: वेळू मधोमध नको, पुढच्या काठाला हवा, आणि मागच्या कडीला दोर बांधून पाल्यासकट एक बाभळीची फांदी पाण्यात सोडायची. शीड पुढून ओढेल, फांदी मागून धरेल, काईलीला नाक येईल आणि शेपूट येईल. आणि शीड? शीड खताच्या रिकाम्या पोत्यांचं. पोती उसवायची, दाभणानं एकाला एक शिवायची. आम्ही ती मामाच्या शेडमध्ये शिवली, बेदाण्याच्या वासात, शाळा सुटल्यावर. मामा बघायचा आणि म्हणायचा, "काय बी करा, पर माझ्या जाळीला हात लावू नगा." घरी मी जादा तास आहेत म्हणून सांगितलं. या खोट्याबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही, आज पन्नाशीला टेकले तरी वाटत नाही. मुलगी म्हणते, निदान इथं तरी एखादं वाक्य पश्चात्तापाचं टाक. नाही टाकणार.

श्रावणात आमच्या गावात होड्यांच्या शर्यती असत. लांबलचक होड्या, एकेका होडीत वल्हवणाऱ्या गड्यांची रांग, आजूबाजूच्या गावांच्या तालमी, घाटावर मांडव, आणि मांडवात माइकवर आमचे तात्या. शर्यतीचं वर्णन करणं हा तात्यांचा मान होता, आणि त्या दिवशी ते इस्त्रीची टोपी घालून निम्मं मराठी आणि निम्मं पलटणीतलं हिंदी बोलत. गडी लोकांची पंगत आमच्याकडे असायची. आई आणि शेजारच्या बायका पुरणपोळ्यांच्या पाट्या घेऊन मांडवाच्या मागंच थांबलेल्या असायच्या.

आमच्या गावाला नदी एक वळण घेते आणि बरंच अंतर मावळतीकडे वाहते. वारं मात्र मावळतीकडूनच येतं. म्हणजे पाणी खाली जातं आणि वारं वर येतं. ही गोष्ट गावात सगळ्यांच्या तोंडावर रोज आपटत होती, पण तिचा उपयोग करायला माळावरची पोर यावी लागली. पहिली शर्यत संपली, दुसरीच्या होड्या खालच्या अंगाला जमू लागल्या, पात्र मोकळं झालं, आणि घाटाच्या खालच्या अंगाला, आमच्या रानाच्या कडेनं आम्ही काईल सोडली. वल्हं मुद्दाम काठावर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

शीड आधी फडफडलं. मग मायानं खालची दोरी ओढली आणि ते गच्च भरलं. भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखं पोट आलं त्याला, फक्त त्या पोटावर मोठ्या अक्षरांत "युरिया" लिहिलेलं होतं, तेही उलटं. मागं फांदीचा दोर ताणला गेला. काईल थरथरली, एकदा अर्धी वळली, आणि सरळ झाली. सरळ! आणि निघाली. पाण्याच्या विरुद्ध, घाटाकडे, वर.

"अभी दूसरे नंबर की शर्यत," कर्ण्यातून तात्या सांगत होते, "सर्वांनी नदीचं पात्र मोकळं... कोन हाय त्ये? ए, काईल कुनाची हाय?" मग कर्ण्यात नुसता श्वास ऐकू आला. मग आख्ख्या पंचक्रोशीनं ऐकलं, "मालन! ए मालन! काठाला घे आदी!"

घाट हसला. पोरं ओरडली, "मालन, गूळ आला का?" पण काईल जवळ येत गेली तसं हसू कमी होत गेलं. आमच्या हातांत वल्हं नव्हतं, ते लोकांना आता दिसत होतं. खाली होड्यांत बसलेल्या गड्यांनी वल्ही आडवी ठेवली होती आणि माना वळवल्या होत्या. एक म्हातारा पायरीवरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आयला, पान्याच्या उलटी चाललीया की रं!" माया दोरी धरून उभी होती, डोक्यावरची ओढणी कधीच उडून गेली होती, आणि ती माझ्याकडे बघून ओरडली, "मालन, धरलंय गं त्येनं! धरलंय!"

मला वाटलं, झालं, जिंकलो. पण तात्या हवालदार होते. कर्णा पुन्हा खरखरला. "मंडळी, गैरसमज नसावा. त्यातली एक पोरगी आमची हाय, ती चुकली, तिला घरी बगून घिऊ. दुसरी पोरगी आमच्या घरची न्हाई. आमचा तिचा कायबी संबंध न्हाई. जाहीर सांगतो." मी मायाकडे बघितलं. तिनं दोरी सोडली नाही, पण तिची मान खाली गेली होती, आणि दोन वर्षांत मी ती पहिल्यांदा खाली बघितली. मी घाटाकडे तोंड करून ओरडले, "संबंध हाय! हाय!" पण नदीच्या मध्यावरून पोरीचा आवाज तो केवढा? तात्यांनी माइक खुर्चीवर टाकला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आम्हाला धरायला पायऱ्या उतरून पाण्यात शिरले.

कर्ण्यातून ठक्क असा आवाज आला. मग बांगड्यांचा. मग कुणीतरी अगदी जवळ तोंड नेऊन बोलल्यासारखा, घाबरलेला, गावानं कधी न ऐकलेला एक आवाज.

"माया," आई म्हणाली. "मालन. जेवाय या गं दोघी. पोळ्या गार व्हाय लागल्यात."

तात्या कमरेएवढ्या पाण्यात जिथल्या तिथं उभे राहिले. मागं वळून त्यांनी मांडवाकडे बघितलं. आई माइक दोन्ही हातांनी, ताकाची लोटी धरावी तशी धरून उभी होती, आणि पदर डोक्यावर होता पण पुढे ओढलेला नव्हता. ती सरळ तात्यांकडे बघत होती. आणि मग, माझ्या जन्मात पहिल्यांदा, माझ्यातून नाही, ती त्यांच्याशी बोलली. फक्त ते सगळ्या गावानं कर्ण्यातून ऐकलं. "आवं भावजी, चूल माझी हाय. तिच्याम्होरं कोन बसनार त्ये मी ठरवनार. तुमी बी या वर, भिजलाय."

काय झालं मला ठाऊक नाही, पण बायकांच्या बाजूनं कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या, आणि ते हसणं आमच्यावर नव्हतं. मायानं मान वर केली. काईल तात्यांच्या अगदी जवळून गेली. त्यांनी हात पुढे केला असता तर कडी हाती आली असती. त्यांनी हात पुढे केला नाही. नुसते पाण्यात उभे राहून त्या पोत्यांच्या शिडाकडे बघत राहिले, आणि एकदा, मी डोळ्यांनी बघितलंय, त्यांनी बोट ओलं करून वारं कुठून येतंय ते पाहिलं.

"काय करायचं?" मी मायाला विचारलं. "घाटाला घ्यायची?"

तिनं पुढं बघितलं. वर देवळाचा घाट दिसत होता, त्याच्याही पुढं नदी आणखी सरळ होती आणि वारं अजून जोरात होतं.

"काकू!" ती ओरडली, माळावरच्या आवाजात, ज्याला कर्णा लागत नाही. "देवळापातूर जाऊन येतो!"

कर्ण्यात थोडा वेळ खरखर झाली. मग आई म्हणाली, "जावा सावकाश. आमी थांबतो जेवायचं."